खवटपणाचं विरजण : एका 'प्रोटीन चकली'चं प्रकरण

दिवाळीला सात आठवडे उरले असताना सिंहगड रोडवरून एका ताईंचा फोन आला. "मॅडम, चकली अठराव्या दिवशी खवट होतेय. पाकिटावर तीन महिने छापलंय. दोन दुकानांनी माल परत पाठवला." आवाजात रडू नव्हतं, पण रात्रभर झोप नसावी असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऱ्ह्याच्या त्यांच्या गाळ्यात पोचले. पुढचे पाच आठवडे काय झालं ते ताईंच्या परवानगीने लिहिते आहे. दिवाळीच्या तोंडावर 'प्रोटीन' शब्द लावून फराळ विकणारे आता पुष्कळ आहेत, आणि हीच अडचण त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला येत असणार.

ताई दहा वर्षं भाजणी आणि चकली करतात. हाताखाली आठ मावशी, दोन मोठ्या कढया, पीठ मळायचं एक यंत्र आणि सोऱ्याच्या जागी चकली पाडायचं एक छोटं मशीन. साधी भाजणी त्यांच्या सासूबाईंच्या मापाची : चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक उडीद डाळ, एक मूग डाळ, वर धणे-जिरे. सगळं वेगवेगळं भाजून, गार करून मग दळायचं. या भाजणीची चकली अडीच महिने सहज टिकते आणि तिच्याबद्दल कधी तक्रार आली नव्हती.

यंदा कोथरूड-बाणेरकडचे ग्राहक प्रोटीनबद्दल विचारायला लागले. ताईंनी घरी सोयाबीन खरपूस भाजून भाजणीत घातलं, पाव किलोची चकली करून पाहिली, ती सगळ्यांना आवडली. पण मोठ्या प्रमाणावर करायची म्हटल्यावर गिरणीवाल्याने हात वर केले. सोयाबीनमध्ये साधारण २० टक्के तेल असतं, ते दगडाला धरतं आणि मागाहून येणाऱ्याच्या दळणाला वास लागतो. मार्केट यार्डात भुसार विभागात चौकशी केल्यावर एका व्यापाऱ्याने तयार सोया पीठ सुचवलं. तेल काढलेलं, मऊ, पांढरं, पोत्यावर '५० टक्के प्रोटीन' लिहिलेलं. भाजायची कटकट नाही, दळायची नाही. १०० किलोत १५ किलो हे पीठ घालून 'प्रोटीन चकली' बाजारात गेली.

तक्रारी तीन होत्या. अडीच-तीन आठवड्यांत खवट वास. पाकिटाच्या तळाशी तेल साचणं. आणि बाहेरून काळपट झालेली चकली दुसऱ्या दिवशी आतून मऊ. कोणी कोणी कडवटही म्हणत होतं.

खवट म्हटलं की बोट तेलाकडेच जातं. ताईंनी दोन महिन्यांत तीन तेलं बदलली होती. आधी पामोलिन, मग 'हलकं' म्हणून सूर्यफूल, मग महाग पडलं तरी शेंगदाणा. प्रत्येक वेळी थोडा फरक पडला, त्यामुळे संशय आणखी पक्का झाला. सूर्यफुलात सोळा दिवसांतच वास आला, पामोलिनमध्ये चोवीस दिवस लागले, शेंगदाणा मधेच कुठेतरी. हा क्रम बरोबर आहे आणि त्याचं कारणही ठाऊक असलेलं आहे. तेल हे मेदाम्लांचं बनलेलं असतं, आणि सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात त्यांपैकी लिनोलेइक आम्लाचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास असतो, पामोलिनमध्ये जेमतेम १० ते १२. शेंगदाणा तेलात ओलेइक हे दुसरं मेदाम्ल जास्त आणि लिनोलेइक त्याहून कमी. लिनोलेइकच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात, आणि त्या दोघांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल असतो. हवेतला प्राणवायू तिथेच हल्ला करतो. ओलेइकमध्ये एकच दुहेरी बंध, म्हणून लिनोलेइक त्याच्या दहापट किंवा त्याहून जास्त वेगाने खराब होतं. थोडक्यात, तेल बदलल्यावर खवट व्हायचा वेग बदलत होता. सुरुवात कुठे होतेय, हा प्रश्न तसाच राहिला होता.

मीही आधी कढईच तपासली. वापरलेल्या तेलात तयार होणारे ध्रुवीय घटक मोजायचं हातात धरायचं यंत्र मिळतं, ते माझ्याकडे आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून या घटकांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, त्यापुढे ते तेल तळणाला वापरायचं नाही. ताईंच्या दोन्ही कढया मर्यादेच्या बऱ्याच खाली होत्या. रोज तेल गाळलं जात होतं, जुन्या तेलात नवं ओतत राहायची सवय नव्हती, झारे स्टीलचे होते. पितळी झारा असता तर मी तो आधी बंद करायला लावला असता, कारण तांब्याचा लवलेशही तेल खवट व्हायचं काम भराभर पुढे नेतो. पण तसं काहीच सापडलं नाही, आणि माझा पहिला दिवस त्यातच गेला.

निघताना ताई सहज बोलल्या, "साध्या चकलीचं मात्र काही नाही हो. ती त्याच कढईत तळतो, ती टिकतेय."

मी दारातून परत आत आले. तीच कढई, तेच तेल, त्याच मावशी, तसंच पाकीट, आणि एक चकली टिकते, दुसरी टिकत नाही. मग तेल मुख्य गुन्हेगार असूच शकत नाही. ही गोष्ट दोन महिने गाळ्यात सगळ्यांना दिसत होती. कोणी ती महत्त्वाची मानली नाही, कारण खवटपणा हा तेलाचा दोष आणि प्रोटीन हा पिठाचा गुण, असे दोन वेगळे कप्पे आपल्या डोक्यात असतात.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी साडेसातला जाऊन नुसती बसून राहिले. हे मी आवर्जून सांगते, कारण प्रयोगशाळेच्या कुठल्याही अहवालात जे आलं नसतं ते त्या सकाळी दिसलं.

आठ वाजता दिवसभराचं सगळं पीठ एकदम मळलं गेलं. पूर्वी साध्या भाजणीला उकळतं पाणी घालून उकड काढायचे आणि मग हाताने मळायचे. यंत्र आल्यापासून गार पाणी सुरू झालं, कारण गरम पिठाने यंत्राचा पट्टा सरकायचा आणि मळणाऱ्या मावशीचे हातही भाजायचे. मोहन मात्र कडकडीत, रीतसर. मळलेलं पीठ मोठ्या परातींत ओल्या फडक्याखाली. तळण सुरू झालं नऊला, संपलं साडेबाराला. म्हणजे शेवटच्या परातीतलं पीठ साडेचार तास ओलं पडून होतं.

अकराच्या सुमारास मशीनवरच्या मावशी म्हणाल्या, "हे पीठ दुपारपर्यंत म्हातारं होतं बघा. सकाळी लाल असतं, आता पांढरं पडलं."

मी दोन्ही गोळे शेजारी धरले. सकाळच्या गोळ्यात तिखटाचा रंग छान तांबूस होता. अकराचा गोळा वरून फिकट, आत मात्र तांबूस. हवा लागली तिथेच रंग उडाला होता. मी गोळा फोडून नाकाशी नेला. ओल्या गवताचा, सोललेल्या कच्च्या मटाराचा वास. साध्या भाजणीचं तेवढाच वेळ पडलेलं पीठ हुंगलं, त्याला धण्याचा आणि भाजल्याचा वास होता, बाकी काही नाही.

त्या वासाने उत्तर जवळजवळ हातात दिलं.

सोयाबीनच्या दाण्यात लिपॉक्सिजनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, आणि ते भरपूर असतं. त्याचं काम एकच : लिनोलेइक आणि लिनोलेनिक आम्लांना हवेतला प्राणवायू जोडून देणं. जे काम साध्या तेलात आपोआप व्हायला आठवडे लागतात ते हे विकर मिनिटांत करतं. त्यातून हायड्रोपेरॉक्साइड, म्हणजे प्राणवायू जोडली गेलेली अस्थिर द्रव्यं, तयार होतात, आणि ते मोडले की हेक्झानलसारखी वासाची द्रव्यं निघतात. हिरव्या गवताचा तो वास हेक्झानलचा. कच्च्या सोयाबीनला जो नकोसा उग्र वास असतो, ज्यामुळे पुष्कळ लोक सोया दूध तोंडाला लावत नाहीत, त्यात मोठा हात याच विकराचा. कोरड्या दाण्यात किंवा कोरड्या पिठात ते निवांत असतं. पाणी, तेल आणि हवा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की कामाला लागतं. परातीत तिन्ही हजर होत्या. पाणी मळणाचं, तेल मोहनाचं, हवा यंत्राने मळताना भरपूर मिसळलेली, आणि वर साडेचार तासांची सवड.

रंग उडण्याचं कारणही तेच. हे विकर तेलाला प्राणवायू जोडताना आसपासचे कॅरोटिनॉइड, म्हणजे पिवळे-लाल नैसर्गिक रंगही सोबत मोडतं. लाल तिखटाचा रंग कॅरोटिनॉइडच, डाळींचा पिवळेपणाही. युरोप-अमेरिकेत बेकरीवाले पाव पांढरा व्हावा म्हणून न भाजलेलं सोया पीठ मैद्यात अगदी थोडं, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, मुद्दाम घालतात. ताईंच्या गाळ्यात त्याच पिठाचा वाटा १५ टक्के होता.

पोत्यावर '५० टक्के प्रोटीन' लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. पण ते प्रोटीन कुठल्या अवस्थेत आहे, हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. इथे थोडं थांबते, कारण सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. सोयाबीनचं तेल काढताना दाण्याच्या पातळ पाकळ्या करतात आणि हेक्झेन या तेल विरघळवणाऱ्या द्रावकाने धुतात. मग पाकळ्यांतलं हेक्झेन उडवायला उष्णता द्यावी लागते. ती वाफेने, सावकाश आणि भरपूर दिली तर पाकळ्या भाजल्यासारख्या होतात, रंग पिवळसर-तपकिरी येतो, प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडून एकमेकींत अडकतात, पाण्यात फारशा विरत नाहीत आणि विकरं मरतात. उलट उष्णता अगदी थोडा वेळ दिली तर पाकळ्या पांढऱ्या राहतात आणि प्रथिनं जवळजवळ कच्चीच, पाण्यात सहज विरघळणारी राहतात. दोन्हींत प्रथिनं तेवढीच. धंद्यात यासाठी एक आकडा वापरतात, पीडीआय : पिठातली किती टक्के प्रथिनं पाण्यात पसरतात. पांढऱ्या पिठाचा पीडीआय ८५ ते ९० असतो, नीट भाजलेल्याचा २० च्या आसपास. पांढरं पीठ वाईट नाही. ज्याला फेस हवा, घट्ट जेल हवी, तेल-पाणी एकजीव करायचं आहे किंवा पाणी धरून ठेवायचं आहे, त्याला तेच लागतं. चकलीला यातलं काहीही नको असतं.

आता दुसरी तक्रार, तेलकटपणा. इथे मी काही काळ अडकले, कारण पुस्तकी माहिती उलटी सांगत होती. डोनटच्या पिठात सोया पीठ घातलं तर तेल कमी शोषलं जातं, हे जुनं आणि वारंवार दिसलेलं निरीक्षण आहे. वरच्या थरातली प्रथिनं उष्णतेने गोठतात आणि तेलाला अडसर होतो. मग चकलीत उलटं का?

पाण्यामुळे. कच्ची सोया प्रथिनं पाणी फार धरतात. मळणाऱ्या मावशी हाताच्या अंदाजाने पीठ सैल होईपर्यंत पाणी घालत होत्या, आणि नव्या पिठाला किलोमागे सव्वाशे-दीडशे मिली पाणी जास्त लागत होतं. हाताला दोन्ही पिठं सारखीच लागत होती, पण नव्या पिठात पाणी बरंच जास्त होतं. तळताना चकलीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि आपल्या मागे पोकळ्या ठेवतं. जेवढं पाणी बाहेर तेवढी जागा रिकामी, आणि ती जागा तेल भरतं. डोनट आत ओला ठेवायचा असतो. चकली आत-बाहेर पूर्ण कोरडी करायची असते, त्यामुळे पिठातलं जवळजवळ सगळं पाणी बाहेर यावंच लागतं. म्हणून डोनटचा नियम इथे लागू झाला नाही.

काळपटपणाही याच धाग्यावर आहे. सोया प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर. साखर आणि लायसिन उष्णतेत भेटले की तपकिरी रंग येतो. पाणी जास्त म्हणून तळायला वेळ जास्त, लायसिन जास्त म्हणून रंग लवकर. मावशी रंग बघून चकली काढत होत्या, आयुष्यभराची सवय ती. साध्या चकलीला तो रंग यायच्या आधी आतलं पाणी गेलेलं असतं. नवीला तो रंग येतो तेव्हा आत पाणी शिल्लक असतं. मग बाहेर काळपट, आत मऊ. त्यांचं काही चुकत नव्हतं. रंगाचा अर्थ बदलला होता आणि तो त्यांना कोणी सांगितला नव्हता.

तेलकटपणाला आणखी एक कारण होतं, पण ते सोयाबीनशी निगडित नव्हतं. तेल सगळ्यात जास्त कधी आत जातं असं विचारलं तर बहुतेक लोक म्हणतात, कढईत असताना. कढईत असताना वाफ जोरात बाहेर येत असते, ती तेलाला आत येऊच देत नाही. चकली बाहेर काढली की आतली वाफ थंड होऊन पाणी बनते, पोकळीत ओढ तयार होते आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत खेचलं जातं. म्हणजे काढल्यानंतरचं पहिलं अर्धं मिनिट फार मोलाचं. झारा कढईवरच दोन-तीनदा झटकायचा आणि चकल्या चाळणीवर एकेरी पसरायच्या. नवीन मावशी गरम चकल्या सरळ खोल पातेल्यात रचत होत्या. खालच्या चकल्या वरच्यांचं तेल पीत होत्या.

तेल जास्त झालं की प्रोटीनचा हिशेबही ढासळतो, आणि हे ताईंना सगळ्यात जास्त लागलं. त्यांच्या साध्या भाजणीत साधारण १४ टक्के प्रथिनं. त्यात १५ टक्के सोया पीठ घातलं की मिश्रण १९ च्या पुढे जातं. पण आपण पीठ खात नाही, तळलेली चकली खातो. चकलीत ३० टक्के तेल आणि थोडा ओलावा धरला तर १०० ग्रॅममध्ये सुमारे १३ ग्रॅम प्रथिनं उरतात. तेल ३८ टक्के झालं तर तीच ११ च्या आसपास. प्रोटीन वाढवायला पीठ घातलं आणि त्याच पिठाने आणलेल्या तेलाने वाढीतला चांगला मोठा वाटा परत नेला. कागदावर हे मांडल्यावर ताई बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे लोकांनी प्रोटीनचे पैसे दिले आणि आम्ही तेल दिलं." त्यांना मी म्हटलं की हेतू तसा नव्हता. त्या म्हणाल्या, "हेतू पाकिटात जात नाही."

अंदाज बांधणं वेगळं, पटवून देणं वेगळं. म्हणून आम्ही पाच घाणे तळले. (तेल काढायचा घाणा आणि तळणाचा घाणा, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. या कामात दोन्ही घाण्यांचा संबंध इतक्या वेळा आला की हा शब्द मला मनापासून आवडायला लागला.) एकच शेंगदाणा तेल, एकच कढई, एकच दिवस. पहिला घाणा साध्या भाजणीचा. दुसरा पांढऱ्या सोया पिठाचा, गार पाण्यात मळून चार तास ठेवलेला. तिसरा तोच, पण मळल्या मळल्या तळलेला. चौथा पांढऱ्याच पिठाचा, पण उकळत्या पाण्याची उकड काढून वीस मिनिटं झाकून ठेवलेला. पाचवा घरगुती पद्धतीने भाजून दळलेल्या सोयाबीनचा. सगळ्यांचे नमुने साठ अंशांच्या गरम पेटीत ठेवले. या तापमानाला खवटपणा लवकर दिसतो, तेल-चरबीच्या कामात ही जुनी रीत आहे. रोज सकाळी नाकाने आणि एक दिवसाआड पेरॉक्साइडची चाचणी करून पाहिलं.

ही चाचणी बघायला फार सुंदर असते. नमुन्यातून काढलेल्या तेलात पोटॅशियम आयोडाइड घातलं की पेरॉक्साइड जेवढे असतील तेवढं आयोडिन मोकळं होतं. स्टार्चचा थेंब टाकला की निळंशार. मग ब्युरेट या मापाच्या नळीतून थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं, निळा रंग जाईपर्यंत. ताईंची सून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, तिने दुसऱ्या दिवसापासून ब्युरेट माझ्या हातातून घेतली ती परत दिलीच नाही. तिच्या सासूला ती दाखवत होती : "आई, साध्याला बघा दोन थेंबांत गेलं, आणि हे चार तासांचं, अजून निळंच."

क्रम असा लागला. चार तास पडलेला दुसरा घाणा सगळ्यांच्या कितीतरी आधी गेला. लगेच तळलेला तिसरा त्याच्या बराच मागे. उकडीचा चौथा त्याहून चांगला, पण थोडा कडवट. भाजलेल्या सोयाबीनचा पाचवा साध्या भाजणीच्या थोडाच मागे, आणि तेवढा फरक समजण्यासारखा आहे. अख्ख्या सोयाबीनसोबत त्याचं स्वतःचं तेल येतं, त्यात निम्म्याहून जास्त लिनोलेइक आणि वर थोडं लिनोलेनिकही. दुसऱ्या आणि तिसऱ्या घाण्यात पीठ, पाणी, तेल, कढई सगळं सारखं होतं. फरक फक्त पीठ पडून राहण्याच्या वेळेचा. विकराशिवाय दुसरं कशालाही हा फरक जमला नसता.

म्हणजे कढईत पडायच्या आधीच पिठातल्या तेलात हायड्रोपेरॉक्साइड तयार होते. तळणाच्या उष्णतेने विकर मेलं खरं, पण तोवर त्याचं काम झालं होतं. ते पेरॉक्साइड मोडून जी द्रव्यं निघाली ती चकलीच्या आत राहिली आणि तळताना शोषलेल्या ताज्या तेलालाही त्यांनी नासवायला घेतलं. सुनेने विचारलं की इतक्या थोड्या गोष्टीने एवढं कसं होईल, तेव्हा ताईच म्हणाल्या, "विरजण किती घालतेस? चमचाभर ना?" याहून चांगलं उत्तर मला देता आलं नसतं.

आणि मग भाजणी भाजायची का, या प्रश्नाकडे मी नव्याने पाहिलं. आपण सांगतो की खमंगपणासाठी. ते खरंच आहे. पण डाळींतही लिपॉक्सिजनेज असतं, सोयाबीनइतकं नसलं तरी असतं. भाजल्याने ते मरतं. प्रथिनं थोडी बद्ध होतात, पाणी कमी धरतात, म्हणून पीठ कमी पाण्यात मळलं जातं, चकली कमी तेल पिते आणि खुसखुशीत होते. कडकडीत मोहन आणि उकळत्या पाण्याची उकड, दोन्ही त्याच दिशेला नेणारी. सासूबाईंच्या मापात तीन ठिकाणी उष्णता होती. नव्या पद्धतीत पीठ न भाजलेलं आणि पाणी गार. तीनपैकी दोन टप्पे सोय म्हणून निघून गेले, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यात जास्त विकर असलेलं धान्य आत आलं.

उपाय शोधताना एक प्रयत्न साफ फसला, तो सांगायला हवा. दोन पोती पांढरं पीठ शिल्लक होतं. ते कढईत भाजून घेऊ असं ताईंना वाटलं, मीही होकार दिला. बारीक पीठ तळाला लागलं, वरचं कच्चं राहिलं, गुठळ्या झाल्या. शिवाय कोरड्या उष्णतेत ही विकरं चिवट असतात. त्यांना मारायला उष्णतेबरोबर ओलावा लागतो. अख्खा दाणा आधी भिजवून उकळला तर ते काम सहज होतं, कोरडं पीठ भाजून नाही. एक संपूर्ण दिवस आणि दहा किलो पीठ गेलं.

शेवटी असं ठरलं. वाफेवर भाजलेलं, तेल काढलेलं सोया पीठ घ्यायचं, आणि व्यापाऱ्याकडून प्रोटीनच्या टक्क्यांसोबत पीडीआयचा आकडाही लेखी मागायचा. व्यापाऱ्याने हा शब्द पहिल्यांदाच ऐकला, पण त्याने कारखान्यात फोन केल्यावर दोन दिवसांत कागद आला, म्हणजे माहिती होती, कोणी विचारत नव्हतं. प्रमाण १५ वरून १० टक्क्यांवर आणलं, कारण भाजलेल्या पिठाला चिकटपणा नसतो आणि १५ ला चकलीचे काटे तुटायला लागले. पाणी उकळतं, पीठ अर्ध्या-अर्ध्या तासाचंच मळायचं. यंत्राचा पट्टा बदलून घेतला, त्याला दोन हजारांच्या आत खर्च आला. इतक्याशा पट्ट्यासाठी उकड बंद झाली होती, याची मला अजून हळहळ वाटते. चकली काढायची रंगावर नाही तर बुडबुड्यांवर. बुडबुडे विरळ होऊन तेल शांत झालं की पाणी गेलं. चाळणी, एकेरी थर. पारदर्शक पाकिटाऐवजी प्रकाश आणि हवा अडवणारं चंदेरी पाकीट. तेल शेंगदाण्याचंच ठेवलं. टीबीएचक्यूसारखं अँटिऑक्सिडंट कायद्याने तेलात मर्यादेत चालतं, पण ताईंना ते नको होतं आणि आता त्याची गरजही वाटली नाही. भाजणीत थोडे भाजलेले तीळ मात्र वाढवले. तिळात सेसॅमोल असतं, ते तेल टिकवायला हातभार लावतं, आणि चकलीत तीळ कोणाला नको आहेत?

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन हे पाचक विकर रोखणारी प्रथिनंही असतात, ती सुद्धा ओलसर उष्णतेनेच निकामी होतात. कडवटपणा आणि टिकाऊपणा बाजूला ठेवला तरी, प्रोटीन पचावं म्हणून खाणाऱ्या माणसाला न भाजलेलं सोया पीठ देणं मला मुळातच पटत नाही. आता वाणांच्या पातळीवरही यावर काम झालंय. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १४२ सारखी वाणं दिली आहेत, ज्यात एक लिपॉक्सिजनेज आणि कुनिट्झ नावाचं हे रोधक, दोन्ही नाहीत. आपल्या पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेचंही सोयाबीनच्या वाणांवर अनेक दशकांचं काम आहे, एमएसीएस नावाची त्यांची वाणं शेतकऱ्यांच्या ओळखीची आहेत. पण बाजारातल्या पोत्यात अशा वाणाचं वेगळं पीठ हाताला लागेपर्यंत भाजणं हाच मार्ग आहे.

नव्या चकलीत १०० ग्रॅमला साडेअकराच्या आसपास प्रथिनं भरतात. पहिल्या लेबलवर १९ छापलं होतं, ते पिठाच्या आकड्यांवरून काढलेलं होतं, तळलेल्या चकलीच्या नव्हे. सोया आणि डाळींत गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी, तांदळात लायसिन कमी, त्यामुळे चकलीत ही दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. म्हणून आकडा लहान असला तरी प्रथिनांचा दर्जा बरा आहे. ताईंनी जुन्या लेबलांचे गठ्ठे रद्दीत घातले आणि नव्या आकड्याची लेबलं छापली. शेजारच्या एका उत्पादकाच्या पाकिटावर २० लिहिलेलं आहे, हे त्यांना माहीत आहे. तरी साडेअकराच छापलं.

दिवाळीला माल गेला. प्रत्येक दिवसाचं एक पाकीट आम्ही तारीख घालून मागे ठेवलं होतं. परवा साठ दिवसांचं फोडलं. मावशींपैकी तिघींनी, सुनेने आणि मी खाल्लं. वास नव्हता, चकली मोडताना आवाज आला, सादळलेली नव्हती. नव्वद दिवसांचं पाकीट जानेवारीत फोडायचं आहे, तोवर पाकिटावर दोनच महिने छापायचं असं ठरलं आहे.

पांढऱ्या पिठाचं एक पोतं राहिलंच होतं. पंचवीस किलोचं, तोंड न उघडलेलं. फेकवत नव्हतं. सुनेच्या माहेरी हडपसरला ओळखीचा एक बेकरीवाला आहे, रोज शंभर किलो मैद्याचे पाव करतो. त्याला मी अर्ध्या टक्क्याचं माप लिहून दिलं. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता : पाव चांगलाच पांढरा येतोय, हे पोतं दीड-दोन महिने जाईल, अजून कुठे मिळतं ते सांगा.